खताचा चहा आणि खेळती हवा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात गच्चीवर झालेल्या बागप्रेमी सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



कमिटीने मला विषय दिलाय 'खताचा चहा कसा करावा'. ए विंगमध्ये माझ्या बाल्कनीत गेली काही वर्षं एक बादली बुडबुडतेय, ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. मुलं तिला 'आजोबांची चहाची टपरी' म्हणतात. आमच्या घरी तर "चहा ठेवू का?" असं विचारलं की "कोणता?" असा उलट प्रश्न येतो. तेव्हा पहिली सूचना लहान मुलांसाठी: हा चहा प्यायचा नाही. झाडांना द्यायचा. बादलीवर मोठ्या अक्षरात तसं लिहून ठेवा.

आता हा चहा म्हणजे नेमकं काय? चांगलं कुजलेलं खत जाळीच्या पिशवीत घालायचं, ती पिशवी पाण्यात सोडायची आणि त्या पाण्यातून साधारण एक दिवस सतत हवा सोडत राहायची. खतातले जिवाणू, बुरशीचे धागे आणि विरघळणारी थोडी अन्नद्रव्यं पाण्यात उतरतात. हवा मिळाल्यामुळे त्यातले हवेवर जगणारे जिवाणू वाढतात. मग ते पाणी कुंड्यांत घालायचं. बस, इतकंच. अमेरिकेत डॉ. एलेन इंगहॅम या मृदाशास्त्रज्ञ बाईंनी ही पद्धत फार लोकप्रिय केली. आपल्याकडे शेतकऱ्याला ही कल्पना अगदी परकी नाही. सुभाष पाळेकरांचं जीवामृत तुम्ही ऐकलं असेल. २०० लिटर पाणी, त्यात १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, डाळीचं पीठ, बांधावरची मूठभर माती, आणि रोज काठीने ढवळायचं. त्यात शेण आंबवतात, इथे तयार खत वापरतात, म्हणून दोन्ही एक नाहीत. पण ती काठी काय करते? पाण्यात हवा मिसळते. आपल्याकडे काठीऐवजी पंप आहे.

हवेचं एवढं कौतुक कशासाठी, ते जरा हिशेबाने सांगतो. बँकेत ३६ वर्षं गेली, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय माझं समाधान होत नाही. ३० अंश तापमानाच्या पाण्यात, अगदी काठोकाठ विरघळला तरी, लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. म्हणजे १५ लिटरच्या बादलीत जेमतेम ११० मिलिग्रॅम. अर्ध्या लिटरच्या रिकाम्या बाटलीतल्या हवेत याहून जास्त प्राणवायू असतो, बरं का! आणि या एवढ्याशा शिलकीवर कोट्यवधी जिवाणू खर्च करायला बसलेले. जमा चालू नसेल तर खातं काही तासांत रिकामं होतं. मग हवेवर जगणारे मरगळतात आणि हवेशिवाय जगणारे जोर धरतात. त्यांच्या कामातूनच ती कुजकी दुर्गंधी येते. पाणी जितकं गरम, तितका प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम, आणि आपल्या मे महिन्यात ७ सुद्धा अवघड. म्हणून बादली सावलीत ठेवायची.

आता सामान लिहून घ्या.

रंगाची २० लिटरची रिकामी बादली, चार पाण्यांनी स्वच्छ धुतलेली. त्यात १५ लिटरच पाणी भरायचं, वर फेसाला जागा हवी. मासे पाळण्याच्या टाकीत बुडबुडे सोडतो तो छोटा पंप, पण दोन नळ्यांचा. खोक्यावर मिनिटाला किती लिटर हवा देतो ते छापलेलं असतं. पाण्याच्या लिटरमागे मिनिटाला पाव ते अर्धा लिटर हवा मिळावी, म्हणजे आपल्या बादलीला ४ ते ७ लिटर. अगदी छोटा एका नळीचा पंप इथे कमी पडतो. मग पंपाबरोबर मिळणारी पातळ नळी, आणि प्लंबरकडे उरलेला अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, एक टी आणि टोपणं. नायलॉनच्या जाळीची किंवा जुन्या ओढणीची पिशवी. माझा सगळा खर्च हजार रुपयांच्या आत बसला. वीज म्हणाल तर ५ वॅटचा पंप २४ तास चालला की १२० वॅट-तास होतात, म्हणजे एका युनिटचा आठवा भाग. तेव्हा बिलाची काळजी नको.

जोडणी अशी. टीच्या दोन्ही आडव्या तोंडांना बादलीच्या तळात मावतील असे दोन तुकडे बसवायचे आणि त्यांच्या टोकांना टोपणं लावायची. त्या तुकड्यांना खालच्या बाजूने बारीक, साधारण १ मिलिमीटरची, दहा-बारा भोकं पाडायची. टीच्या वरच्या तोंडाला उभा पाइप लावायचा, त्याच्या टोपणात पंपाच्या दोन्ही नळ्या घट्ट बसतील अशी दोन भोकं. हा उलटा टी बादलीच्या तळाशी टेकवायचा. सोल्युशन लावून चिकटवू नका, नुसतं दाबून बसवा. चिकटवलं की सोडवता येत नाही, आणि सोडवता आलं नाही की धुता येत नाही. माशांच्या टाकीतले ते निळे हवेचे दगड मिळतात, तेही चालतात, पण त्यांच्या बारीक छिद्रांत बुळबुळीत थर जमतो आणि तो आतून निघत नाही. पाइप मात्र बाटलीच्या ब्रशने लख्ख होतो.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर, स्टुलावर किंवा खिळ्याला टांगून ठेवायचा. खाली ठेवलात आणि वीज गेली, तर नळीतून पाणी उलटं पंपात येतं. आणि विजेची वायर प्लगकडे जाताना थोडी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळ आलाच तर तो झोळापाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. ओल्या हाताने प्लग काढायचा नाही, हे सांगायला नकोच.

आता कृती. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, ते जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं. म्हणून पाणी रात्रभर उघडं ठेवायचं किंवा नुसता पंप तास-दोन तास चालवायचा. मग अर्धा किलो खत पिशवीत घालून बादलीत अर्धवट लोंबतं ठेवायचं. पिशवी गच्च भरू नका, आत पाणी खेळलं पाहिजे. संध्याकाळी सहाला सुरू केलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला तयार. उन्हाळ्यात १८ तास पुरतात. मध्ये दोन-तीनदा पिशवी हलवायची.

तयार झालं की नाही हे ओळखायचं कसं? नाकाने. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो तो यायला पाहिजे. तो वास मातीतले काही जिवाणूच तयार करतात. फेस आला म्हणजे चहा झाला असं मात्र नाही. फेस कशानेही येतो. आणि सडका किंवा आंबूस वास आला, तर विचार न करता ते पाणी खताच्या खड्ड्यात ओतायचं, कुंडीत नाही. मागच्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास वीज गेली ती सकाळी आली. आदल्या संध्याकाळी छान मातकट वास देणारी बादली सकाळी नाकाशी धरवत नव्हती. पाणी तेच, खत तेच, बादली तीच. फक्त पाच-सहा तास हवा नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा, मला शेवटी तिच्याकडे परत यायचंय.

पंप बंद केला की चहा तीन-चार तासांत वापरून टाकायचा. बाटलीत भरून ठेवता येत नाही. बाजारात बाटलीबंद मिळतो त्याबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही त्या ११० मिलिग्रॅमचा हिशेब आठवा. झारीत निम्मं साधं पाणी मिसळा आणि ऊन उतरल्यावर कुंडीच्या मातीत घाला. पिशवीतला चोथा फेकू नका, तोही कुंडीत. मग लगेच बादली, पाइप, पिशवी ब्रशने घासून उन्हात वाळवायची. "उद्या धुतो" म्हटलं की वाळलेला थर निघत नाही आणि पुढचा चहा नासतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो मला लिफ्टमध्ये दहा जणांनी विचारलाय: गूळ किती घालायचा? माझं उत्तर आहे, अजिबात नाही. बऱ्याच ठिकाणी चमचाभर गूळ किंवा काकवी घाला असं सांगतात. गुळाने जिवाणू भराभर वाढतात, हे खरं आहे. पण गूळ चांगलं-वाईट बघत नाही. तारण न बघता कर्ज वाटल्यासारखं आहे ते, पहिला कोण येऊन उचलेल सांगता येत नाही. खतात पोटाचे विकार करणारे ई. कोलाय किंवा साल्मोनेला थोडे जरी राहिले असले, तरी काकवी घातलेल्या चहात ते वाढतात, असं प्रयोगांत दिसून आलेलं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाने नेमलेल्या गटाने २००४ साली याच कारणासाठी असा चहा तपासणीशिवाय खाण्याच्या पिकावर वापरण्याबद्दल सावध केलं. आपण कोथिंबीर, पुदिना, पालक लावतो आणि कित्येकदा कच्चं खातो. घरात नातवंडं आहेत, माझ्यासारखे म्हातारे आहेत. आपल्याकडे प्रयोगशाळा नाही. म्हणून गूळ चहात नको, पोळीबरोबर खा. खत पूर्ण कुजलेलंच वापरा, निदान तीन-चार महिने झालेलं, ज्यात भाजीचं देठ ओळखू येत नाही असं. गांडूळखत असेल तर उत्तम. ताजं शेण, कोंबडीची विष्ठा नको. आणि पालेभाजीच्या पानांवर फवारायचा नाही, फक्त मातीत द्यायचा. भाजी धुऊनच घ्यायची.

आता तुम्ही विचाराल, एवढं करून फायदा काय? इथे मी जरा हात राखून बोलणार आहे. कर्जाचा अर्ज आला की आम्ही आधी कागद बघायचो, तशीच सवय इथेही आहे. घरच्या खतात नत्र साधारण एक टक्का धरा. अर्ध्या किलोत झालं ५ ग्रॅम. त्यातलं थोडंच पाण्यात उतरतं, बाकी चोथ्यातच राहतं. मग हे पाणी पंचवीस-तीस कुंड्यांत वाटलं, तर एका कुंडीच्या वाट्याला काय आलं? चिमूटही नाही. म्हणजे हा चहा खताला पर्याय नाही. तो जेवणानंतरचा विडा आहे म्हणा, जेवण नव्हे. रोग हटतात, कीड पळते असे दावे केले जातात, पण शास्त्रज्ञांच्या प्रयोगांत कुठे फायदा दिसला, कुठे काहीच दिसला नाही. माझ्या बाल्कनीत मी दरवेळी काही कुंड्यांना चहा आणि शेजारच्या तशाच कुंड्यांना साधं पाणी देऊन बघत आलोय. जुन्या, निर्जीव झालेल्या मातीच्या कुंड्यांत फरक दिसतो. माती भुसभुशीत होते, मिरचीची पानं तुकतुकीत दिसतात. पण ज्या कुंडीत आधीच भरपूर चांगलं खत आहे, तिथे मला काडीचा फरक दिसलेला नाही. तुम्हीही असंच दोन ओळी ठेवून बघा. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'तून शेतकऱ्यांना हेच शिकवलं, की दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नका, आपल्या मातीत प्रयोग करा आणि आपल्यासारख्या दुसऱ्याला सांगा. ते स्वतः गणिताचे प्राध्यापक होते आणि त्यांच्याबरोबरच्या द्राक्ष बागायतदारांनी या वाटेने मोठं नाव मिळवलं.

मग, फायदा एवढा बेताचा असेल तर हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? आता मुद्द्यावर येतो.

चहाला खत लागतं. माझं खत येतं आपल्या मागच्या आवारातल्या दोन खड्ड्यांतून. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर ते खड्डे बुजवून तिथे चार गाड्यांचं पार्किंग करायचा विषय आहे, हे आपल्याला माहीतच आहे. जे सभासद हा विषय घेऊन आलेत, ते काही बागेचे शत्रू नाहीत. सी विंगच्या तळमजल्यावरच्या वहिनींना जुलै-ऑगस्टमध्ये खिडकी उघडता येत नाही. त्यांच्या घरात दम्याचा पेशंट आहे. त्यांची तक्रार खरी आहे, शंभर टक्के खरी आहे. मी स्वतः त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहून तो वास घेतलाय. पार्किंगची अडचणही खरी आहे. २५ वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा बहुतेकांकडे स्कूटर होती.

पण तो वास कसला आहे, ते बघा. वीज गेलेल्या रात्रीनंतर माझ्या बादलीला आला होता, तोच. खड्ड्यात आपण ओला कचरा टाकतो, वर पाऊस, खाली चिखल, आणि महिनोन् महिने कुणी उलथत नाही. आत हवा जात नाही. बादलीत जे सहा तासांत झालं, ते खड्ड्यात सहा आठवडे चाललेलं असतं. म्हणजे दुखणं खड्ड्याचं नाही, कोंडलेल्या हवेचं आहे. आणि त्याला औषध आहे, तेही आपल्याच आवारात पडलेलं. आपले बदाम आणि गुलमोहर वर्षभर पानं गाळतात. ती पानं झाडून पोत्यांत भरून आपण कचरागाडीला देतो. तीच पोती जपून ठेवायची. एक बादली ओल्या कचऱ्यावर दोन बादल्या सुका पाला, आठवड्यातून एकदा फावड्याने उलथापालथ, आणि पावसाळ्यात वर पत्र्याचं छप्पर. माल मुठीत दाबला तर पिळलेल्या फडक्यासारखा ओलसर लागावा, पाणी गळता कामा नये. एवढं झालं की वास येत नाही. खड्डा आतून गरम होतो आणि नीट कुजतो. मी सांगतो म्हणून मानू नका, दोन महिने करून बघा.

ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा करायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलंच होतं. खड्डे बुजवले तरी आपला ओला कचरा काही थांबणार नाही. तो फक्त आपल्या खिडकीखालून उठून दुसऱ्या कुणाच्या तरी गावाच्या वेशीवर जाऊन पडेल. तिथेही कुणी वहिनी असतीलच.

म्हणून सभेपुढे माझी मागणी साधी आहे. विषय रद्द करा असं मी म्हणत नाही. मतदानाआधी आठ आठवडे द्या. प्रत्येक विंगमधून दोन घरं पुढे यावीत, एका घराने पाल्याची पोती बघायची, एकाने रविवारी सकाळी अर्धा तास फावडं धरायचं. छपराच्या पत्र्याचा खर्च मी देतो. आणि आठ आठवड्यांनी वास आहे की गेला, हे ठरवायचा अधिकार फक्त एकाच घराला द्यायचा, सी विंगच्या तळमजल्याला. वहिनी म्हणाल्या "अजून येतो", तर पार्किंगच्या बाजूने पहिला हात मी वर करीन. हे मी सगळ्यांसमोर बोलतोय आणि सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहून घ्यावं.

आणखी एक गोष्ट. मी आता सत्तरी ओलांडली आहे. फावडं मारलं की दुसऱ्या दिवशी कंबर बोलते. इतकी वर्षं खड्ड्याचं काम मी आणि बी विंगचे एक मित्र करत होतो. गेल्या दिवाळीपासून ते मुलाकडे बंगळूरला असतात. तेव्हापासून उलथणं मागे पडलं आणि वास वाढला, हा योगायोग नाही. दोन म्हाताऱ्यांच्या कमरेवर उभी असलेली व्यवस्था ही व्यवस्था नसते. बँकेत एकाच माणसाकडे दोन्ही किल्ल्या कधी देत नसत, तिजोरी उघडायला दोघं लागत. इथेही किल्ल्या वाटून घ्यायला हव्यात.

मुलांसाठी माझ्याकडे निरोप आहे. दर शनिवारी संध्याकाळी सहाला माझ्या दारात या. बादली भरायची, पंप लावायचा, आणि रविवारी संध्याकाळी प्रत्येकाने वास घेऊन पास की नापास ते सांगायचं. पंप मी आणून ठेवलेत, तीन विंगांना तीन. पाइप कापायला आणि भोकं पाडायला आई-बाबांपैकी कुणीतरी बरोबर हवं. गच्चीच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गळतीची काळजी करू नये. कुंड्या स्टँडवर आणि खाली ताट, हा नियम मोडणाऱ्याला चहा मिळणार नाही.

माझे १५ मिनिटं संपत आली. नाव नोंदवायची वही जिन्याजवळच्या टेबलावर आहे, पेन बांधून ठेवलंय. खाली उतरताना सही करून जा.